कच्चं घर, पक्कं घर आणि आपल्या जिल्ह्याची माती
(परिसर अभ्यास, 'निवारा' या घटकासाठी पूरक वाचन)



'निवारा' शिकवायचा म्हटलं की आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एकात कच्चे घर : माती, कुड, गवत. दुसऱ्यात पक्के घर : विटा, सिमेंट, लोखंड. मुलं उतरवून घेतात आणि पाठ संपतो. मला हा तक्ता फारसा पटत नाही. एक तर वर्गात मातीच्या घरात राहणारी दोन-चार पोरं असतातच, आणि 'कच्चे' हा शब्द वहीत लिहिताना त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. दुसरं म्हणजे तक्ता पूर्ण खराही नाही. लोणारचं दैत्यसूदन मंदिर कित्येक शतकं उभं आहे, त्यात सिमेंटचा कण नाही. आणि सात-आठ वर्षांपूर्वी बांधलेल्या स्लॅबच्या घराला बोट जाईल एवढी भेग पडलेली आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे पाहिली आहे. मग पक्कं कशाला म्हणायचं?

म्हणून मी रकाने सोडून तीन प्रश्न देते. घराचं सामान कुठून आलं? ते एकमेकांना कशाने धरून ठेवलं आहे? आणि या घराला भीती कशाची आहे? हे तीन प्रश्न घेऊन आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून फेरफटका मारला तर बांधकामाचा दोन हजार वर्षांचा इतिहास हाताशी येतो. आणि ज्यांच्या घरी सध्या घरकुलाचं काम चालू आहे, त्या पालकांच्या कामाच्याही काही गोष्टी निघतात. त्या मी शेवटी जरा सविस्तर लिहिल्या आहेत.

घाटावर आणि घाटाखाली

आपल्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा विचारतात, पाहुणे घाटावरचे की घाटाखालचे? अजिंठ्याची डोंगररांग जिल्ह्याच्या मधून जाते. वर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेडराजा. खाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. मोताळा आणि खामगाव दोन्हीकडे पाय ठेवून आहेत.

घाटावर जरा खणलं की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा दगड, म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यांचा हा दगड. घाटाखाली मात्र पूर्णा नदीने आणून टाकलेला गाळ आहे. तिथे कितीही खणा, मातीच माती. आता ज्या गावाला दगडच नाही त्याने काय करायचं? मातीचाच दगड करायचा. म्हणजे वीट.

याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात आहे. संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठावर भोन नावाचं गाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं तेव्हा दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष मिळाले. त्यात भाजक्या विटांचा स्तूप होता आणि भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेले आड होते. त्या काळातल्या विटा आजच्यापेक्षा बऱ्याच मोठ्या आणि चपट्या असत. मुलांना वीट म्हणजे आजचीच गोष्ट वाटते, म्हणून भोनचं नाव आवर्जून घ्या. ही जागा जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात येते, हेही सांगा.

आणि वर्गात वीटभट्टीवरची मुलं असतील तर त्या दिवशी तास त्यांना घेऊ द्या. चांगली वीट कशी ओळखायची हे ती तुमच्या-माझ्यापेक्षा नीट सांगतात. दोन विटा एकमेकींवर वाजवल्या की खणखणीत आवाज यायला हवा. नखाने ओरखडा उठता कामा नये. कमरेएवढ्या उंचीवरून मातीवर टाकली तर तुटू नये. याला आपण फक्त गणिताची जोड द्यायची. कोरडी वीट तोलायची, चोवीस तास पाण्यात बुडवायची, पुसून परत तोलायची. साध्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी प्यायला नको. शेकडेवारीला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी मिळालेलं नाही.

दगड नुसत्या वजनावर उभा

आता घाटावर चढू. लोणारला सहल जाते तेव्हा मुलं सरोवर बघतात आणि पळतात. दैत्यसूदन मंदिरापाशी मात्र त्यांना दहा मिनिटं थांबवा आणि दोन दगडांमधला सांधा बघायला लावा. तिथे गारा-चुना दिसत नाही. घडीव दगड नीट बसवायचे, एकात खाच आणि दुसऱ्यात तिच्यात बसणारी कूस ठेवायची, बाकी काम वजनाचं. या पद्धतीला आपण हेमाडपंती म्हणतो. हेमाद्री म्हणजे हेमाडपंत हे १३ व्या शतकात देवगिरीच्या यादवांचे, महादेव आणि रामचंद्र या राजांचे, मोठे अधिकारी. पण या धाटणीची बरीच मंदिरं त्यांच्या आधीची आहेत. तेव्हा 'ही सगळी मंदिरं हेमाडपंतांनी बांधली' असं वहीत लिहून देऊ नका. बांधली पाथरवटांनी. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

मंदिराच्या आत खांब इतके जवळजवळ का, हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर खडूने देता येतं. खडू दोन बोटांत टोकाकडून दाबा, मोडत नाही. आता त्याची दोन टोकं दोन डस्टरवर ठेवा आणि मधे बोटाने दाबा. कटकन मोडतो. दगडाचंही तसंच. दाबलं तर तो प्रचंड भार घेतो, ताण मात्र सहन होत नाही. आडवी तुळई वाकते तेव्हा तिची खालची बाजू ताणली जाते आणि तिथूनच भेग सुरू होते. म्हणून दगडाची तुळई आखूड ठेवावी लागते आणि खांब जवळ घ्यावे लागतात. छतालाही हीच अडचण. तिथे चौकोनाच्या कोपऱ्यांवर तिरपे दगड टाकून जागा लहान करत न्यायची, मग त्यावर पुन्हा तिरपे, असं करत शेवटी एका शिळेने तोंड बंद करायचं. सहलीत मान वर करून हे बघायला सांगा आणि शाळेत आल्यावर काडेपेटीच्या रिकाम्या पेट्यांनी करायला लावा.

कमान आणि चुना

कमानीने हा प्रश्न सोडवला. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्याला फक्त दाबतो, ताण कुठे राहतच नाही. मोताळा तालुक्यात रोहिणखेडला १६ व्या शतकातली मशीद आहे, तिच्या कमानी बघा. सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या राजवाड्याचं महाद्वार बघा. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला तो हाच वाडा. चौथीला 'शिवछत्रपती' आहेच, तेव्हा तारखेबरोबर दरवाजाची कमानही दाखवायला काय हरकत आहे?

कमानी-घुमटांच्या बांधकामाला धरून ठेवायला चुना लागतो. आपल्याकडे ओढ्या-नाल्यात आणि काळ्या रानात पांढरे खडे सापडतात, ती चुनखडी. ती भट्टीत साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. त्यावर पाणी टाकलं की तो खदखदतो आणि फुटून पीठ होतो. मग घाणी. गोल खंदकात दगडी चाक, त्याला बैल जुंपलेला, आणि चाकाखाली चुना नि वाळू तास-तास मळली जायची. काही ठिकाणी त्यात गूळ, बेलफळाचा गर, हिरडा घालत. (कळीचा चुना वर्गात भिजवून दाखवू नका. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. तोंडी सांगितलं तरी पुरतं.)

चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून. म्हणजे भाजताना जे बाहेर गेलं तेच तो परत घेतो आणि पुन्हा दगड होतो. पण सावकाश, महिने न् वर्षं लागतात. आणि पाण्याखाली हवाच नाही, तर तिथे काय? त्यावर जुन्या गवंड्यांकडे उपाय होता सुरकीचा. भाजक्या विटांचा भुगा चुन्यात मिसळला की तो पाण्यातही घट्ट होतो. रोमन लोक हेच काम ज्वालामुखीच्या राखेने करत. आज दुकानातल्या सिमेंटच्या पोत्यावर 'पी.पी.सी.' लिहिलेलं असतं, त्यात बहुतेक वेळा औष्णिक वीज केंद्रातली कोळशाची राख असते. शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या पारससारख्या केंद्रात तयार होते तीच. काम सुरकीचंच.

काळी आणि पांढरी

वाडे आणि देवळं झाली, पण बहुतेक माणसं राहत होती मातीच्या घरात. आपल्या भाषेत शेताला 'काळी' म्हणतात आणि गावठाणाला 'पांढरी'. हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. काळ्या मातीत पिकवायचं, पांढऱ्या मातीत राहायचं.

काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याचमुळे. या मातीची भिंत टिकेल कशी? म्हणून भिंतीला पांढरी माती. ती भिजवून, तुडवून, त्यात भुसा किंवा तणस घालून दोन-दोन फूट रुंद भिंती घालत. वर धाबं : लाकडी कड्या, त्यावर तुराट्या-पळाट्या, मग माती, आणि सगळ्यात वर खारी माती. खारी माती भिजली की तिचे कण सुटे होऊन बारीक भोकं बुजवतात आणि पाणी खाली उतरत नाही. मृगाच्या आधी धाब्यावर ताजी खारी टाकायची, हे घरातल्या बायामाणसांचं ठरलेलं काम. सारवण-पोतेराही त्यांच्याकडेच. ही सगळी देखभाल बायकांच्या हातांनी, बिनपगारी होत होती, म्हणून मातीचं घर 'स्वस्त' वाटायचं. मातीच्या घरांचं कौतुक करताना आपण हे विसरतो.

तरीही एक गोष्ट त्या घराची खरीच. घाटाखाली मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. दोन फुटी मातीच्या भिंतीतून दुपारचं ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. टिनपत्र्याखाली ते लगेच पोहोचतं. दोन थर्मामीटर असतील तर एकाच दुपारी, एकाच वेळी दोन घरांत लावून बघा. मुलं नोंदी फार मनापासून घेतात.

टिनपत्रा आणि कवेलू हा पुढचा टप्पा, त्यावर फार लिहीत नाही. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, वाटेत मलकापूर, नांदुरा, शेगाव लागलं. १८७० मध्ये खामगावला कापसासाठी जलंबहून फाटा आला. कापूस बाहेर जायला लागला आणि लोखंड, पत्रे, फरशी आत यायला लागली. घराचं सामान गावाच्या शिवारातूनच यायला हवं, ही अट तिथून सुटली.

सिमेंट वाळत नाही

सिमेंटचं पेटंट १८२४ मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन या गवंड्याने घेतलं. भारतात १९१४ मध्ये पोरबंदरला कारखाना सुरू झाला. लोखंड घातलेल्या काँक्रीटचं पेटंट १८६७ मध्ये फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए या माळ्याने घेतलं, तेही झाडांच्या कुंड्या-टाक्यांसाठी. आपल्या खडूच्या प्रयोगाचं उत्तर त्यात आहे. काँक्रीट दाब घेतं, जिथे ताण येतो तिथे सळई ठेवायची. म्हणून स्लॅबच्या मध्यात मुख्य सळई खालच्या बाजूला असते. पण छज्जा एकाच बाजूने धरलेला, बाहेर लटकणारा, म्हणून त्याचा ताण वरच्या बाजूला येतो. तिथे सळई वर हवी. काम चालू असताना मजूर त्या सळईवरून चालतात, ती दबून खाली जाते, आणि पुढे पावसाळ्यात छज्जा कोसळल्याची बातमी येते. मुलांना हे समजतं, खडूने दाखवा.

आता पालकांसाठी.

सिमेंट वाळतं असं आपण म्हणतो. ते चूक आहे. चुना हवेने घट्ट होतो, सिमेंट पाण्याने. पाणी आणि सिमेंट यांची रासायनिक क्रिया दिवसेंदिवस चालू राहते, आणि मधेच पाणी संपलं तर ती तिथेच थांबते. मग काँक्रीट वरून टणक दिसतं, आतून कमजोर राहतं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि उष्ण-कोरड्या हवेत १० दिवस पाणी मारायला हवं. राखेच्या मिश्र सिमेंटला किमान १० आणि उष्ण हवेत १४ दिवस. गावात येणारं पोतं बहुतेक मिश्रच असतं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये स्लॅब टाकला तर चौदा दिवस तो ओला राहिला पाहिजे. आणि नेमकं तेव्हाच आपल्याकडे टँकर चालू असतात. शक्य असेल तर स्लॅब दिवाळीनंतर, थंडीत टाका. हप्त्यामुळे उन्हाळ्यातच टाकावा लागला तर आधी पाण्याची सोय, मग स्लॅब. वर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा.

मारायला पाणी कमी पडतं आणि कालवताना मात्र जास्त ओततात. ५० किलोच्या पोत्याला साधारण २५ लिटर पाणी पुरतं, म्हणजे १५ लिटरच्या दोन बादल्याही नाहीत. रेती ओली असेल तर आणखी कमी. पातळ माल पसरवायला सोपा जातो खरा, पण जादा पाणी उडून गेलं की त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात.

कोणतं पाणी, हाही प्रश्न आहे. पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांतल्या गावांना हे सांगायला नको. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड सळईला गंज चढवतं. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीटचा पापुद्रा फोडून बाहेर येतं. छताला लाल डाग आणि खपल्या दिसतात ते हेच. लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही. ग्रामपंचायतीच्या पाण्याचा नमुना तपासून येतो, त्या कागदावर हा आकडा असतो, तो विचारा. बोअरचं पाणी खारं लागत असेल तर स्लॅब-कॉलमसाठी पिण्याचंच पाणी आणा. पाणी मारायलाही तेच.

आणि पाया. गावठाण भरलं, नवी घरं काळ्या रानात गेली. धाब्याच्या घरांनी जी जमीन टाळली तिथेच आपण आज बांधतो आहोत. जोत्याखालची माती पावसाळ्यात फुगून घर उचलते आणि उन्हाळ्यात खाली सोडते, तेही सगळीकडे सारखं नाही. म्हणून भिंतीला तिरपी भेग पडते. वरून कितीही सिमेंट भरलं तरी पुढच्या वर्षी ती परत दिसते. रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी खाली फुगीर कंद असलेले खांब विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खोल नेतात, कारण तिथे ओलावा वर्षभर सारखा राहतो. लहान घरकुलाला हे परवडत नसेल तर निदान मुरूम लागेपर्यंत खणा. मुरूम फारच खोल असेल तर काळी माती काढून पायाखाली मुरमाचे थर पाणी मारून, धुम्मस करून भरा आणि जोत्याच्या पातळीला सळईचा पट्टा फिरवा. घराभोवती फरशीचा उतार द्या. न्हाणीचं पाणी भिंतीलगत जिरू देऊ नका. कुठली खोली किती हे तुमच्या घरकुलाच्या अभियंत्याला प्रत्यक्ष जागेवर आणून विचारा.

(हीच काळी माती धरणात मात्र गुणाची. नळगंगेसारख्या मातीच्या धरणात पोटात चिकण काळी माती भरतात, कारण ती पाणी अडवते, आणि बाहेरून मुरूम. मुलांना विचारा, मग काळी माती चांगली की वाईट? बराच वेळ भांडतात.)

वर्गात करायचं

गवंडीकाकांना शाळेत बोलवा. ओळंबा, पाणसळ, गुण्या, थापी, ही हत्यारं हाताळू द्या. काटकोन कसा काढतात ते दोरीने दाखवायला सांगा : एका बाजूला ३ फूट, दुसऱ्या बाजूला ४ फूट, आणि तिरपं माप बरोबर ५ फूट आलं की कोपरा गुण्यात. खोली आखून झाली की दोन्ही कर्ण मोजायचे, सारखे आले पाहिजेत. मैदानावर फक्कीने २५ चौरस मीटरचं घरकुल आखा. आत झोपून बघितल्याशिवाय मुलांना क्षेत्रफळ कळत नाही, असा माझा तरी अनुभव आहे.

मातीचे गोळे करा : काळी, पांढरी, मुरमाड. सारख्या आकाराचे, ओले असताना दोरीने घेर मोजायचा, आठ दिवस सावलीत वाळवून पुन्हा मोजायचा. काळीचा गोळा किती आकसतो ते मुलं स्वतःच सांगतील.

आणि सिमेंटचे ठोकळे. एक भाग सिमेंट, तीन भाग रेती, काडेपेटीच्या साच्यात सहा ठोकळे (सिमेंट हाताला लागू देऊ नका, पळी वापरा). दुसऱ्या दिवशी साचे काढून तीन ठोकळे पाण्याच्या डब्यात, तीन उघड्यावर उन्हात. चौदा दिवसांनी सगळे कोरडे करून एकमेकांवर घासायचे, मग खिळ्याने ओरखडायचे, शेवटी सारख्या उंचीवरून फरशीवर टाकायचे. हा प्रयोग जून-जुलैमध्ये नको, हवाच दमट असते, फरक नीट दिसत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठोकळे ओता, म्हणजे परीक्षेआधी नोंदी पूर्ण होतात.